दोनशे तीस की दोनशे ऐंशी

सरांनी प्रिंट माझ्या टेबलावर आपटली. कप कलंडला. चहा ड्रॉइंगवर पसरला, तिथून माझ्या ओढणीवर आला.

"वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे."

मी वाचलं. "कॉलम, दोनशे ऐंशी मिलिमीटर."

"आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने किती दिलाय?"

त्यांनी दुसरा कागद माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर दोनशे तीस होतं.

पुण्याजवळ मांजरी गावातल्या साइटवर त्या मापाच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या. कॉलम भिंतीच्या दोन इंच बाहेर. काँक्रीट पडायच्या आधी मिस्त्रीच्या लक्षात आलं म्हणून वाचलं. बिल्डर स्वतः आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात येऊन बसला होता. सर त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "काय करणार साहेब. कोट्यातून पास झालेली माणसं घ्यायची, आणि डोळे आपण लावायचे."

बिल्डर हसला. ऑफिसातले बाकीचे हसले असं मी म्हणणार नाही. पण एकानेही मान वर केली नाही.

मी म्हणाले, "सॉरी सर."

ते सॉरी मला अजून टोचतं. त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

कारण मला माहीत होतं चूक कशी झाली ते. माझ्याकडे चौदा इंची जुना लॅपटॉप होता. आधीच्या माणसाने सोडून दिलेला. इंजिनिअरची शीट स्कॅन होऊन यायची. अख्खी शीट त्या स्क्रीनवर उघडली की आकडे एकमेकांत मिसळायचे. इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसायचे. झूम करायला गेलं की मशीन अडकायचं. गोल फिरत राहायचं. त्या दिवशी सर डोक्यावर उभे होते. "आटप, प्रिंटवाला थांबलाय." मी झूमची वाट न बघता आकडा घेतला. ड्रॉइंगवर 'तपासले' असा रकाना असतो. त्यात सरांची सही होती.

हे सगळं मी तिथे सांगू शकले असते. नाही सांगितलं. कोटा हा शब्द निघाला की माझी जीभ टाळूला चिकटायची. शाळेपासून. बाई वर्गात म्हणायच्या, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आम्ही चौघं उभे राहायचो. बाई बसा म्हणेपर्यंत. कधीकधी बाई विसरायच्या.

बाप मार्केट यार्डात हमाल. कांद्याची पोती उचलून मान एका बाजूला गेलेली. मी घरातली पहिली डिप्लोमावाली. या ऑफिसात मला सहा वर्षं झाली होती. तेव्हा पुण्याच्या चहूबाजूंनी सोसायट्या उठत होत्या. आयटीतल्या लोकांना घरं पाहिजे होती. आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती.

आठवड्याने सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ. "ऑफिसला एक चांगला लॅपटॉप घ्यायचाय. मोठ्या स्क्रीनचा. तुला यातलं कळतं. तूच शोध."

मला वाटलं, माणूस ओशाळलाय. तोंडाने म्हणता येत नाही म्हणून असं म्हणतोय. मी वेडी.

तीन रविवार मी दुकानं पालथी घातली. सोबत पेनड्राइव्ह, त्यात तीच मांजरीची शीट. दुकानात गेलं की पहिला प्रश्न यायचा, "कुणासाठी पाहिजे?" एकाने तर सांगितलं, "हात लावू नका, बोटं उमटतात." दुसरा म्हणाला, "ताई, सतरा इंची आहे. अजून काय पाहिजे?" मी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बघितलं. स्क्रीन मोठी, पण ठिपके माझ्या जुन्या लॅपटॉपइतकेच. म्हणजे तेच पुसट अक्षर, फक्त मोठं करून दाखवलेलं. मी तसं म्हणाले तर तो म्हणाला, "एवढं कळतं तर दुकान टाका की."

प्रोसेसरचंही तेच. नाव तेच, आकडा जवळपास तोच, पण शेवटच्या अक्षरात सगळी मेख. एक अक्षर बॅटरी वाचवणाऱ्याचं, दुसरं राबणाऱ्याचं. वहीत मी सगळं उतरवलं. तिसऱ्या रविवारी टिळक रोडच्या एका दुकानात मिळाला. सतरा इंची, फुल एचडी, चार कोअरचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड. शीट उघडली. अख्खी शीट, झूम न करता. दोनशे तीस. स्वच्छ. मी तिथेच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "घेताय की बघताय?"

घरी बापाला सांगितलं. तो भाकरी मोडत होता. म्हणाला, "त्यो तुला भेटनार हाय का?"

"मग कुणाला? मीच शोधलाय."

तो भाकरी चावत राहिला. मला त्याचा राग आला. वाटलं, याची मान वाकली ती वाकलीच.

लॅपटॉप आला. सरांनी नारळ आणला, हळदकुंकू आणलं. सगळे टेबलाभोवती जमले. मला दाराशी उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सवयीने उभी होते. नारळ फुटला. पेढा वाटला. मग सर म्हणाले, "अमेय, घे रे. हा तुझा."

अमेय चार महिन्यांपूर्वी लागला होता. सरांच्या मित्राचा मुलगा. त्याचं तोंड उतरलं. तोही चपापला, हे खरं सांगितलं पाहिजे.

मला सर म्हणाले, "तू याला सगळी सॉफ्टवेअर टाकून दे. आणि जरा शिकव."

"आणि मला, सर?"

"तुला काय गं. तू कशावरही काम काढतेस. तुमच्या लोकांत तो चिवटपणा असतोच. कौतुकानं म्हणतोय."

आणि मी बसले. हो, बसले. हात आपोआप चालू झाले. तासभर मी त्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकत होते. बसवेना. उठवेना. टाकलेलं चालतंय का बघायला मी शीट उघडली. मांजरीची. दोनशे तीस.

मी उठले. माझा जुना लॅपटॉप आणला, नव्याच्या शेजारी ठेवला. तीच शीट उघडली.

"सर, इकडे या."

ते आले. चष्मा लावला.

"हा कॉलम वाचा. जुन्यावर. मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू दे."

त्यांच्या लक्षात आलं नाही. ते वाकले. डोळे बारीक केले. "दोनशे... ऐंशी."

मी नव्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"अगं, झूम कर ना मग."

"तुम्हीच करा."

त्यांनी केलं. मशीन अडकलं. गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. तेवढ्यात नव्या स्क्रीनसमोर बसलेला अमेय हळूच म्हणाला, "दोनशे तीस आहे सर."

मी म्हणाले, "सर, तुम्ही कुठल्या कोट्यातून पास झालात?"

सर लाल झाले. म्हणाले, "शब्द मागे घे."

"आधी तुम्ही घ्या. त्या बिल्डरला इथे बोलावून घ्या. ड्रॉइंगवर सही तुमची आहे."

"डोक्यावर बसवलं ना, की असं होतं."

"बसायला खुर्ची पण कुणीतरी टाकलेली दिलीत, सर. डोक्याचं राहू द्या."

अमेयचं सॉफ्टवेअर अर्धं टाकून झालं होतं. तसंच सोडलं. वही बॅगेत टाकली आणि निघाले. महिनाअखेरीला या म्हणून फोन आला, हिशेब करायला. अनुभवाचं पत्र दिलं नाही. सहा वर्षं, आणि कागदावर एक ओळ नाही.

तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "नोकरी गेली. काय मिळवलंस?"

सात महिने काम नव्हतं. दोन ठिकाणी सगळं ठरलं, आणि मग फोनच आला नाही. सरांची ओळख शहरभर. रात्रंदिवस एकच विचार, एक वाक्य गिळलं असतं तर? आणि प्रत्येक वेळी तेच कळायचं. गिळलेलं काही पचत नाही. सहा वर्षं गिळलं होतं, ते तसंच पडून होतं.

आता दुसरीकडे काम करते. मुलाखतीला गेले तेव्हा आडनाव सगळ्यात आधी सांगितलं, त्यांनी अंदाज बांधत बसायच्या आत. मग विचारलं, मला मशीन कुठलं देणार? दाखवा. तिथले साहेब म्हणाले, "तुम्ही मुलाखत द्यायला आलाय की घ्यायला?"

"दोन्ही," मी म्हणाले.

चूक झाली तर माझी म्हणेन. जिथे माझी असेल तिथेच. दुसऱ्याची सही माझ्या जातीखाली लपवू देणार नाही. आणि सॉरी म्हणायच्या आधी प्रत्येक वेळी कागद उलटून बघेन, खाली नाव कुणाचं आहे ते.