दत्तारामभाऊजींना पुनवेपर्यंतची मुदत

आज श्रावणातला तिसरा सोमवार. संध्याकाळी उपास सोडायला वालाचं बिरडं करायचं म्हणून मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायला बसले होते. अर्धे सोलून ताटात पडलेत, अर्धे अजून पातेल्यात आहेत. बोटांची टोकं भिजून सुरकुतली आहेत, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. तरी वही उघडलीच. आत्ताच दत्तारामभाऊजी येऊन गेले आणि ते जे बोलले ते बिरडं शिजेपर्यंत माझ्या डोक्यात जसंच्या तसं राहील याची खात्री नाही.

एरवी मी देवाचं आटोपलं की चारच ओळी लिहिते. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण गेलं. आज जरा सविस्तर लिहिते.

दत्ताराम पेडणेकर भांडुपच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहतात. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, इथे कारखान्यात फिटर. पंचेचाळिशीचे असतील. त्यांची बायको शेवंती माझी मैत्रीण; पाच वर्षांपूर्वी विषमज्वराने गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून दिवसा कारखाना आणि संध्याकाळी आमच्या मंडळाची फुटबॉलची टीम, एवढाच त्यांचा संसार. टीम तेच शिकवतात, म्हणून पोरं त्यांना मास्तर म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ आणि त्याच दोऱ्यात शिट्टी. मी एकदा म्हटलं, भाऊजी, देवाच्या माळेत हे काय अडकवलंत? तर म्हणाले, वयनी, दोनी कामाचीच आसत.

आमच्याकडे फुटबॉल अनवाणी खेळायची रीत. पायाला फार तर चिंधी बांधायची. चिखलात अंगठा रुतवून आमची पोरं अशी वळायची की बूटवाले नुसते बघत राहायचे, असं सगळे सांगतात. पण यंदा, म्हणजे चोपन्न साली, पुढल्या वर्षापासून उपनगरच्या साखळी सामन्यांत बूट सक्तीचे होणार अशी बोलवा उठली. भाऊजींनी पुढल्या वर्षाची वाट पाहिली नाही. लष्कराच्या लिलावातले जुने खेळाचे बूट आणले, कोणाला मोठे, कोणाला लहान, आणि पोरांना सांगितलं की यंदाचा सगळा हंगाम बुटांत खेळायचा. शिवाय पहिले पंधरा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत बूट पायातून काढायचे नाहीत. नळावर जाताना नाही, जेवतानाही नाही.

माझे धाकटे दीर बाळा टीममध्ये डावीकडून खेळतात. माझ्या लग्नात तो नऊ वर्षांचा होता, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. तो बूट घालून जेवायला आला तेव्हा मी उंबऱ्यातच अडवलं. घरात देव आहेत, चामडं आत यायचं नाही. तो म्हणाला, मास्तरांनी सांगितलंय. मी म्हटलं, तुझे मास्तर माझ्या सासूबाईंपेक्षा मोठे नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की बाळा उंबऱ्यावर बसायचा, पाय बाहेर गॅलरीत आणि ताट आत. पंधरा दिवस असंच जेवला. खालच्या मजल्यावरून रोज निरोप यायचा की तुमच्या घोड्याला जरा हळू चालायला सांगा.

पोरांच्या टाचा सोलून निघाल्या. माझं एक जुनं लुगडं पट्ट्यांतच संपलं. हळद-तेलाची वाटी दारातच ठेवलेली असायची.

आणि सामने सुरू झाले तशी टीम हरू लागली. ज्या घाटकोपरवाल्यांना मागल्या वर्षी हरवलं, त्यांनीच सात गोल घातले. बुटांत चेंडू कुठे लागतोय हेच पोरांना कळेना. चाळीत चेष्टा सुरू झाली. बाळाला नळावर बायका विचारायच्या, काय रे, आज किती घेऊन आलास? मंडळाचे अध्यक्ष अण्णा गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. तोंडाने फटकळ, पण मंडळ त्यांनीच उभं केलंय. ते तर आमच्या दारात उभे राहून म्हणाले की बुटांनी टीमची वाट लावली. मुलुंडला शरच्चंद्र म्हणून कॉलेजात खेळलेला एक जण आहे, तो यायला तयार आहे, त्याला आणू.

आमचे हे मंडळाचे चिटणीस. दत्तारामभाऊजींना मुक्त करत असल्याचं पत्र लिहायचं काम ह्यांच्यावर आलं. लहानपणापासूनचे मित्र, तरी लिहायला बसले. सामन्यांच्या तारखा आठवेनात, म्हणून मला म्हणाले, तुझ्या वहीत असतील, वाच. ह्यांनी जेवताना सांगितलेलं सगळं मी लिहून ठेवते, त्यात सामनेही असतात. मी वाचत गेले. ज्येष्ठ वद्य पंचमी, सात गोल खाल्ले. त्यानंतर सहा. मग चार. परत चार. परवाच्या रविवारी दोन.

ह्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, परत वाच.

मी परत वाचलं. ते उठले, पायांत चपला घातल्या आणि अण्णांकडे गेले.

त्या दिवशी समितीत बराच वाद झाला म्हणे. हे म्हणाले, हंगाम पुरा होऊ द्या. अण्णा म्हणाले, कमी गोल खाल्ले म्हणजे जिंकलो असं होत नाही, मधुकर, तू मित्राची बाजू घेतोस. सहा जणांची समिती, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या. अशा वेळी आमच्या लोकांत जे होतं तेच झालं. कौल लावायचा ठरलं.

चाळीच्या मागे पिंपळाखाली गावाहून आणलेल्या देवाची घुमटी आहे. धाकूभाऊ तिथली पूजा करतात. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा आणि पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. बहुतेक वेळा घटकाभरात निकाल लागतो.

रविवारी सकाळी सगळे जमले. पूजेचं साहित्य माझ्याकडून जातं, म्हणून मी बाजूला होते. दत्तारामभाऊजीही आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी जा असंही म्हणालं नाही. घुमटीपाशी सगळे अनवाणी. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा डावा पाय नीट दिसला. तीन बोटं चेपून एकमेकांवर चढलेली. मी ह्यांना हळूच विचारलं. हे म्हणाले की गिरणीच्या टीमकडून हा अनवाणी खेळायचा, तेव्हा गोऱ्या सोल्जराचा बूट पडला होता. त्यानंतर खेळणं संपलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. शेवंतीही कधी बोलली नाही.

धाकूभाऊंनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा तुझ्या दारात इली हत. ह्यो दत्ताराम पोरग्यांका फुटबॉल शिकयता. उजवी कळी दिलंस तर तो रवतलो, डावी दिलंस तर दुसरो येतलो. जा काय बऱ्याचा आसात ता कर रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यात सगळ्यांत मोठा आवाज दत्तारामभाऊजींचा होता. स्वतःला काढायचं की ठेवायचं हे विचारलं जात होतं आणि भाऊजी हात जोडून, डोळे मिटून, व्हय म्हणत होते. अण्णांनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

कळ्या लागल्या. भाऊजी नमस्कार करून पोरांना घेऊन मैदानावर गेले. बाकीचे बसून राहिले, कारण ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी निकालापर्यंत उठायचं नाही. एक तास झाला. दोन झाले. कळ्या हलेनात. अण्णांना भूक लागली, मग राग आला, मग डुलकी लागली. उन्हं माथ्यावर आली तरी दोन्ही कळ्या जशाच्या तशा. अखेर धाकूभाऊ उठले आणि म्हणाले की देव उगी राहिला. आता पुनवेपर्यंत हा प्रश्न कोणी विचारायचा नाही, आणि विचारल्याशिवाय काही बदलायचंही नाही.

नारळी पौर्णिमा तेरा दिवसांवर होती. मधे तीन सामने.

मी सामान आवरायला गेले तेव्हा पाहिलं. पाण्याची वाटी भरलेली तशीच होती. धाकूभाऊंनी कळ्या पाण्याने लावल्याच नव्हत्या. शेजारी मी उगाळून ठेवलेलं गंध होतं, त्यात बुडवून लावल्या होत्या. आणि माझं गंध दाट. सासूबाईंनी तसंच शिकवलंय, बोटाला धरून राहिलं पाहिजे. ते वाळल्यावर कळी कुठली पडते? देवाचं उत्तर माझ्या सहाणेने अडवलं की काय, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बोलले मात्र कोणाला नाही. बोलले असते तर अण्णांनी पुन्हा कौल लावला असता. ही माझी चूक, आणि मी ती लिहून ठेवते.

पहिला सामना एका गोलाने हरलो. अण्णा दारावरून जाताना म्हणाले, बघा, देव गप्प बसला की असं होतं. दुसरा मुलुंडला, एक-एक बरोबरीत सुटला. बाळा घरी आला तो बूट हातात घेऊन, चिखलाने भरलेला, आणि दोन माणसांचं जेवला.

तिसरा सामना त्याच घाटकोपरवाल्यांशी, पुनवेच्या आदल्या दिवशी, आमच्याच मैदानावर. मी कधी सामन्याला गेले नव्हते. त्या दिवशी देवळातून परतताना पूजेचं तबक घेऊन मैदानालगतच्या विहिरीच्या कठड्याशी उभी राहिले. सकाळभर पाऊस पडून मैदानाचा नुसता राबडा झाला होता. घाटकोपरचे पाच-सहा जण अजून अनवाणी खेळत होते. चेंडू कोणाकडे हे मला नीट कळत नव्हतं, पण कोण पडतंय ते कळत होतं. ते घसरत होते. आमची पोरं उभी होती. दत्तारामभाऊजी रेषेवर हात मागे बांधून उभे. फक्त त्यांचे पाय पोरांबरोबर जागच्या जागी हलत होते. बाळाने डावीकडून चेंडू आणून मधे दिला आणि दुसरा गोल झाला. आम्ही दोन, ते एक. मी तबकातलं फूल कोणाला वाहिलं ते मलाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. अण्णा नारळ घेऊन घुमटीशी आले. धाकूभाऊ कळ्या काढून तयार. अण्णा नारळ पुढे करून म्हणाले, "विचारायचं काय आता? नारळ फोड." प्रसाद घेऊन सरळ दत्तारामभाऊजींच्या खोलीकडे गेले. काय बोलणं झालं माहीत नाही. ह्यांचं अर्धं पत्र मात्र देवापुढच्या दिव्यावर मी जाळलं.

टीम अजून साखळीत खालून दुसरी आहे. पण भाऊजी राहिले.

आणि आज दुपारी ते पट्ट्यांसाठी जुनं कापड मागायला आले. वाल बघून म्हणाले, लवकर लवकर सोला, वास झकास सुटलोहा. मग खाली बसले, सोललेले अकरा आणि न सोललेले अकरा दाणे फरशीवर मांडून मला उद्याचा सामना समजावू लागले. सालीतले दाणे आपले, म्हणे, बूटवाले. मला राहवेना. हात पुसले आणि गंधाचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी दाणे मांडायचं थांबवलं नाही. मांडता मांडताच म्हणाले, "वयनी, देवाक बोलूचा आसता तर तुमचा गंध आड इला नसता. तेणी येळ दिल्यान. कोणाच्या हातान दिल्यान ता इचारून काय करतल्यात?"

मी म्हटलं, आणि पुन्हा कौल लावायची वेळ आली तर?

"तवा पातळ उगाळा," म्हणाले. "फुडल्या वर्साक मी असोच हरत रवलंय तर माका बेगीन सुटाक होया."

आणि हसले. शेवंती गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. धाकूभाऊंना मात्र मी पुढल्या सोमवारी हे सांगणार आहे. देवाच्या कामात लपवाछपवी नको.

भाऊजी कापड घेऊन गेले. जाताना त्यांनी गॅलरीतले बाळाचे बूट उलटे करून पाहिले आणि म्हणाले की डाव्या बुटाच्या तळाची एक चामड्याची गुट्टी निघाली आहे, त्यावर उद्या घसरेल. बाळा कारखान्यातून सात वाजता येईल, तोवर मोची उठून जातो. हे ऑफिसात. उद्या चार वाजता सामना.

बूट मी आत्ताच वर्तमानपत्रात गुंडाळून उंबऱ्याच्या आत आणून ठेवलेत, देवांच्या कोनाड्यापासून लांब. उरलेले वाल आल्यावर सोलीन. आधी स्टेशनाबाहेरच्या मोच्याकडे जाऊन बाळाच्या डाव्या बुटाला गुट्टी ठोकून आणायची आहे.