वारं सुलाबाईचं

पेडगावच्या विहाराला लागून जी गल्ली आत जाते, तिच्यात तिसरं घर सुलाबाईचं. पत्र्याचंच, पण सारवून-पुसून असं ठेवलेलं की पाहुण्यानं चप्पल दोन हात अलीकडंच काढावी. बाई काटक, कामाला वाघीण, आणि जीभ अशी की समोरच्यानं आधी मागं सरावं आणि मग बोलावं. गोधड्या शिवायची. तिच्या हातची गोधडी फाटायचं नाव घेत नसे. आईनं पांघरलेली लेकीच्या बाळंतपणाला जायची. पण गल्लीत तिचं नाव होतं ते गोधड्यांपायी नव्हे. वाऱ्यापायी.

तिचा नवरा दत्तराव सायकलवर प्लास्टिकच्या घागरी विकायचा. घागरी, बादल्या, टोपल्या, चाळण्या. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मग ती लादलेली सायकल एकदा बघायला हवी होती तुम्ही. मागं बांबूची चौकट, तिला दोन्ही अंगांनी घागरी बांधलेल्या, वर बादल्यांची चळत, पुढं हँडलला टोपल्या. लांबून माणूस दिसायचाच नाही, नुसता रंगीत ढिगारा रस्त्यानं चाललेला दिसायचा. वजन म्हणाल तर काहीच नाही, आणि सगळी खोड तिथंच. ज्वारीचं पोतं लादलं तर सायकल रस्त्याला धरून राहते. प्लास्टिकला वारं धरतं. आणि गंमत बघा, पाण्याची बोंब उन्हाळ्यात, म्हणून घागरीला गिऱ्हाईकही उन्हाळ्यातच. आणि वारं सुटायचं तेही नेमकं तेव्हाच.

बावीस वर्षांमागं, धंद्याच्या पहिल्याच वैशाखात, वाऱ्यानं दत्तरावाला सायकलीसकट बाभळीत नेऊन घातलं होतं. दोन दात गेले, मनगट मोडलं. घरी आणल्यावर सुलाबाईनं आधी त्याला पोटभर शिव्या दिल्या, मग हळद गरम करून लावली, मग स्वतः कोपऱ्यात जाऊन रडली, आणि डोळे पुसून बाहेर येऊन म्हणाली,

"आजपास्नं सायकल तुमची, वारं माझं. मी जावा म्हणल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई."

"बरं बाई," दत्तराव म्हणाला. आणि माणूस असा की बरं म्हणाला ते बावीस वर्षं पाळलं.

तिचं वाऱ्याचं शास्त्र काही अवघड नव्हतं. गल्लीत दोन्हीकडून भिंती, वारं आत शिरायचंच नाही. पूर्वी तोंडाशी एक लिंब होता, त्याच्या शेंड्यावरून कळायचं; तो रस्त्याच्या कामात गेला. राहिला विहारावरचा पंचशील झेंडा. उंच लोखंडी पाइपावर, सगळ्या घरांच्या वर. सकाळी अंगणात उभं राहून सुलाबाई मान वर करायची. झेंडा पाइपाला चिकटून पडलेला असला, की "जावा". खालचं टोक हालायलंय, की "जावा, पर बादल्या घरी ठिवा". झेंडा आडवा झाला आणि फडफड ऐकू आली, की सायकल घरात. मग दत्तरावानं कितीही कुरकुर केली तरी तिच्यापुढं काही चालायचं नाही. शेजारची मनकर्णा कुरडया वाळत घालायच्या आधी सुलाबाईला विचारायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतले नागसेन गुरुजी, जे विहाराचं सगळं बघायचे, ते कधी मोबाइल पुढं करून म्हणायचे, "काकू, ह्याच्यात तर वारं दाखवायलंय." त्यावर दत्तरावच हसायचा. "गुरुजी, तुमच्या मोबाइलाला सगळ्या जिल्ह्याचं वारं बघावं लागतं. आमच्या सुलाला येकट्या माझंच."

झेंड्याचं मात्र एक होतं. बाजारातून आणलेलं ते पातळ कापड, उन्हानं विटायचं आणि वाऱ्यानं त्याच्या चिंधड्या व्हायच्या. वर्षाच्या आत लक्तरं. बुद्धपौर्णिमा जवळ आली तसे नागसेन गुरुजी एक दिवस दारात येऊन म्हणाले, "काकू, नवा आणावा लागतोय. पर ह्यो बी फाटणारच. बघवत न्हाई वो तसला झेंडा."

"इकत कशाला आणता?" सुलाबाई म्हणाली. "मी शिवते. बघू तरी कसा फाटतो ते."

आठ दिवस ती त्या झेंड्यावर बसली. निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी कापडाच्या चांगल्या जाड पट्ट्या. आत अस्तर म्हणून दत्तरावाचं लेकीच्या लग्नातलं धोतर, जे त्यानं त्या दिवसानंतर कधी नेसलंच नव्हतं. आणि वरून गोधडीला घालते तसे बारीक, घट्ट टाके, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला आताशा सुईचं नाक दिसायचं नाही, म्हणून दत्तराव शेजारी बसून दोरा ओवून द्यायचा.

"झेंडा शिवायलीस का वाकळ?" तो म्हणाला.

"गप बसा. धा साल बदलावा लागायचा न्हाई."

पौर्णिमेला वंदना झाली आणि गुरुजींनी दोरी ओढली. जरा जोर लावूनच ओढावी लागली. झेंडा वर गेला, थोडा उलगडला आणि पाइपाला लागून खाली आला. "वारंच न्हाई आज," कुणीतरी म्हणालं. "काय वजनदार दिसायलाय!" मनकर्णा म्हणाली. सुलाबाईला ती स्तुतीच वाटली, आणि होतीही स्तुतीच. त्या रात्री ती लय खुशीत जेवली. आपल्या हातचं काहीतरी गावाच्या डोक्यावर आहे, एवढं सुख गोधड्यांनी तिला कधी दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या गावाचा बाजार. पौर्णिमेच्या आधी जुना झेंडा सारखा फडफडत होता, म्हणून सुलाबाईनं दत्तरावाला चार दिवस घरात बसवलेलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडं तिकडं घागरी. तिनं सकाळी अंगणात येऊन वर बघितलं. झेंडा निवांत पडलेला.

"जावा," ती म्हणाली. "बादल्या बी न्या."

दत्तरावानं तासभर लावून सायकल लादली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं ढकलत नेली. तिथं तो थांबला. मग तसाच उलटा, अवघड जागेत सायकल वळवून, परत दारात आला.

"सुले, वारं हाय गं."

सुलाबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि मान वर केली. "कुठंय वारं? झेंडा बघा की, हालंना बी."

"पर घागरी वढ घ्यायल्यात. तिकडं तोंडाशी."

"सवय मोडली तुमची चार दिवसांत. दुसरं काय न्हाई."

तो उभाच राहिला. त्याला तिथं उभं बघून तिला राग आला, आणि रागापेक्षा जरा जास्त वाईट वाटलं. "बावीस सालात माझं येकदा तरी चुकलंय का?" तिनं विचारलं.

दत्तराव हसला. पडलेल्या दातांच्या जागी त्याची जीभ दिसायची हसताना. "न्हाई बा," तो म्हणाला. "येकदा बी न्हाई." आणि गेला.

अकराच्या सुमाराला नागसेन गुरुजी पळत आले. मोबाइल हातातच होता. ओढ्यावरच्या पुलाजवळ मेंढरं राखणाऱ्या मुंजाजीनं फोन केला होता. पूल ठेंगणा, रुंदीला जेमतेम, कठडा नाहीच. मुंजाजीनं सगळं डोळ्यांनी बघितलेलं. पुढं पोलिसांना आणि ज्यानं त्यानं विचारलं त्याला तो एकच सांगत राहिला, "सायकल पडली न्हाई वो. उचलली वाऱ्यानं. दत्तराव हँडल सोडंना. सोडलं असतं तर सायकल येकटीच गेली असती." खाली ओढ्याला पाणी नव्हतं, नुसते धोंडे.

परभणीच्या दवाखान्यात त्याला निजवल्यावर डॉक्टर स्पष्टच बोलले. मणका गेलाय, आतून रक्त जायलंय, आमच्या हातात जेवढं आहे तेवढं करतो. संध्याकाळी सुलाबाई चादर आणि कपडे घ्यायला गुरुजींच्या गाडीवर गावी आली. गल्लीच्या तोंडाशी उतरली तर पदर डोक्यावर राहीना. रस्त्यावरच्या कागदाच्या कपट्यांचा भोवरा फिरत होता. मनकर्णाच्या घरावरच्या दोरीवर साड्या आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचा फडफड आवाज येत होता. सुलाबाईनं मान वर केली. पाइपावर झेंडा पडलेला होता. खालचं एक टोक तेवढं जरासं हालायचं आणि परत बसायचं.

गुरुजींनी दोनदा हाक मारली. तिला सगळं कळलं होतं, एका क्षणात. तिनंच शिवलेला. तिनंच जाड केलेला. त्या झेंड्याला आता वादळच उचलील, साधं वारं नाही. आणि त्याच्याकडं बोट दाखवून तिनं माणसाला घालवलं होतं, तोही परत आलेला, दारात उभा राहिलेला माणूस.

रात्रभर ती खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. सांगायचं म्हणून तोंड उघडायची आणि मिटायची. पहाटे दत्तरावाला शुद्ध आली. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि बघता बघता त्याला समजलं असावं, कारण चाळीस वर्षांचा संसार होता, तोंड वाचता यायचं.

"सुले," तो म्हणाला, "वारं मागून उठलं गं. निगालो तवा कायीच नव्हतं."

जन्मात तो माणूस खोटं बोलला नव्हता. गिऱ्हाइकाला चिरलेली घागर कधी चांगली म्हणून दिली नाही. आणि मरताना बायकोशी पहिलं आणि शेवटचं खोटं बोलला. सुलाबाईला ओरडावंसं वाटलं की नका वो, नका असं बोलू, शिव्या द्या मला. पण ती नुसतं "व्हय" म्हणाली. त्याला आणखी बोलायला लागू नये म्हणून म्हणाली. दुपारी तो गेला.

घागरी मुंजाजीनं सायकलीसकट टेम्पोत घालून आणून दिल्या. अंगणात रचल्या. एकही फुटलेली नव्हती, साधा चरा नव्हता. सुलाबाईला त्या घागरींचा इतका राग आला की तिनं एक उचलून भिंतीवर आपटली. ती उडून परत तिच्या पायाशी आली. मनकर्णानं तिला धरून आत नेलं.

दत्तरावाच्या पुण्यानुमोदनाला विहारात गाव जमलं. जो उठला तो एकच बोलला, वाऱ्याचा काय भरवसा, माणसाच्या हातात काय असतं. सुलाबाई ऐकत होती. शेवटी नागसेन गुरुजी उठले. भल्या मनाचा माणूस, तिला बरं वाटावं म्हणूनच बोलले. म्हणाले, दत्तकाका गेले, पण त्यांच्या धोतराचं अस्तर आपल्या झेंड्यात हाय, आणि काकूंच्या टाक्यांनी तो झेंडा एवढ्या वाऱ्यात बी जसाच्या तसा हाय. एक धागा निघाला न्हाई.

सुलाबाई भिंतीला धरून उभी राहिली. "गुरुजी, खाली घ्या त्यो," ती म्हणाली.

"काय, काकू?"

"झेंडा. खाली घ्या. त्यो हालत न्हाई म्हणून मी मालकाला जावा म्हणले. ते परत आलते, वारं हाय म्हणून दारात सांगायलते. मी त्यांना तसंच लावून दिलं. मागून बिगून कायी उठलं न्हाई. वारं सकाळपास्नंच व्हतं."

गुरुजींनी दोरी सोडली आणि झेंडा तिच्या हातात आणून दिला. ती विहाराच्या पायरीवरच बसली, ब्लेड मागवून घेतलं आणि टाके उसवायला लागली. माणसं एक-एक करून उठली. मनकर्णा चहा घेऊन आली, तो गार झाला. आठ दिवस घातलेले टाके, बारीक आणि घट्ट, सुटायला सोपे नव्हते. तिला नीट दिसत नव्हतं, दोनदा बोट कापलं. उन्हं कलली तेव्हा कुठं धोतर सुटं झालं. तिनं त्याची घडी घालून मांडीवर ठेवली. जाड पट्ट्याही बाजूला सारल्या, गुरुजींच्या घरून मागच्या सालच्या पताकांचं उरलेलं पाचरंगी पातळ कापड आणवलं आणि तिथंच त्याच्या पट्ट्या जोडून नवा झेंडा केला; दोरा मनकर्णानं ओवून दिला.

"काकू, ह्यो टिकायचा न्हाई," गुरुजी हळूच म्हणाले.

"फाटू द्या. फाटंल तवा दुसरा शिवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी तो पातळ झेंडा वर चढवला. सुलाबाई अंगणात उभी होती, घागरींच्या राशीशेजारी, रिकाम्या सायकलीजवळ. गल्लीत वाऱ्याचा मागमूस नव्हता. झेंडा वर पोचला न पोचला तोच आडवा झाला आणि फडफड ऐकू आली. बावीस वर्षांच्या सवयीनं तिची मान वर गेली, आणि तोंड घराकडं वळलं.

"आज नका जाऊ वो," ती आत बघून म्हणाली. "लय वारं हाय."