वळणावरची अकरा

सुतारकाम सोडून आठ वर्षं झाली, तरी माणसं त्यांना रंधाकाकाच म्हणायची. वाकडं लाकूड त्यांना बघवत नसे, आणि वाकडं वागणारा माणूस तर त्याहून नाही. गावाच्या सामायिक माळावर परमुलखातली झाडं माजली होती. कुणीतरी सावलीसाठी चार लावली आणि त्यांनी गवत, ओढा, विहीर सगळं गिळलं. ती काढायला काकांनी रविवारची टोळी जमवली. पगार शून्य, हाताला फोड मात्र भरपूर.

लहान झाडं करवतीनं पाडायची. मोठ्यांची साल वीतभर रुंदीनं गोल सोलायची, की झाड उभ्या उभ्या वाळतं. सुंठीवाचून खोकला जातो. पण असं झाड पुढं कधीही, वारा नसतानासुद्धा कोसळतं. म्हणून वाटेजवळ सोलायचं नाही, दोर लावून पाडायचं. नियम काकांचाच. नव्या माणसाकडून ते तो तीनदा वदवून घेत.

आणि तो मोडला त्यांनीच. माळावरून नवी पायवाट अमुक तारखेला खुली करतो, असा शब्द त्यांनी देऊन ठेवला होता. वळणावर अकरा जाडजूड झाडं उरली. पाडायला महिना लागला असता, आणि ठेवली असती तर बी पडून माळ पुन्हा भरला असता. एका बुधवारी काका एकटेच गेले, झुडपांआड बुंध्याशी अकराही सोलली आणि वर चिखल फासला. टोळीला म्हणाले, "असू देत सावलीला." वाट ठरल्या दिवशी खुली झाली. टाळ्या पडल्या, काकांनीही वाजवल्या. काय म्हणावं या माणसाला!

दवाखाना वीस मिनिटांनी जवळ आला. काकांची सून तिथं नर्स. त्या वाटेनं रोज जाणाऱ्यांत ती पहिली.

दोन वर्षांत झाडं वाळली. "रोग पडला असेल, पाडू सवडीनं," टोळी म्हणाली. काका मूग गिळून बसले. रोज सकाळी ते हातोडी घेऊन वळणावर जात आणि बुंधे ठोकून बघत. आधी आवाज टणक यायचा. हल्ली पोकळ यायला लागला होता.

"सूनबाई, रस्त्यानं जात जा."

"का हो बाबा? साप दिसला की काय?"

चार दिवस त्यांनी काहीबाही कारणं सांगितली. गुरुवारी जेवताना साल सोलल्याचं सगळं सांगून टाकलं. सुनेनं ताट बाजूला सारलं.

"मला सांगितलंत. आणि बाकीचे? शाळेच्या बाई जातात, माझ्या पाळीतल्या सगळ्या नर्स जातात त्या वाटेनं."

"रविवारी टोळी जमली की सांगतो. चारचौघांत एकदाच काय ती शोभा होऊ दे."

"रविवारी? बाबा, आज गुरुवार आहे."

"दोन वर्षं उभी आहेत. दोन-तीन दिवसांनी काय होतंय?"

ती ताट घेऊन उठली. शुक्रवारी ती रस्त्यानंच जाणार होती, म्हणून काकांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. लाज वाटावी इतकी शांत.

सकाळी ती आरशासमोर वेणी घालत होती. पानही हलत नव्हतं. माळाकडून आधी लांबट करकर ऐकू आली, मग जमीन हादरली. क्षणभर काहीच नाही. मग एका बाईची किंकाळी, आणि मागोमाग दुसऱ्या कुणाच्या तरी हाका.

सुनेनं अर्धी वेणी तशीच सोडली, फळीवरची मलमपट्टीची पिशवी ओढली आणि पळत सुटली. रस्त्याकडं नव्हे, वळणाकडं.

काका अनवाणीच मागं धावले. "अगं थांब! पोरी, थांब! मीच सोललीत ती, अजून दहा उभी आहेत!" त्यांचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. दारं उघडली, लोक बाहेर आले. दोन वर्षं जे चारचौघांत सांगायचं होतं, ते काका आता ओरडून ओरडून सांगत होते.

तिनंही ऐकलं असणार. पण ती थांबली नाही, झाडांखाली शिरली.