एकदांडी आणि आत्याचे हात

एकदांडी दिसायला इतकी गरीब की नव्या मजुराला ती उपटायला सांगितली तर तो आधी आपल्याकडेच संशयाने बघतो. वीतभर सरळ दांडी, तिच्यावर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेने चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. एक जण मला म्हणाला, "मुकादम, राहू द्या की, छान दिसतंय." मी म्हटलं, "मग घरी ने, आणि दोन वर्षांनी मला तुझं अंगण दाखव." माझं तोंड असंच आहे. ते मी आत्याकडून घेतलं. तिच्याकडून घेण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं, ते मात्र राहून गेलं.

आम्ही साहेबांच्या मळ्यावर लॉन पिकवतो. वाफ्यात गवत वाढवायचं, मातीच्या पातळ थरासकट ते कापायचं, सतरंजीसारखं गुंडाळायचं आणि गाडीवर चढवायचं. या गुंडाळीतून एकदांडीचं एक रोप जरी गेलं तरी ते गिऱ्हाइकाच्या अंगणात फुलतं, त्याच्या बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात आणि शेजारपाजारचीही वाट लागते. म्हणून गाडी भरायच्या आधी गिऱ्हाइकाचा तपासनीस येतो. त्याला एक रोप सापडलं की सबंध वाफा बाद.

आत्याच्या वाफ्यात त्याला कधीच काही सापडलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. फूल आल्यावर तण ओळखणाऱ्यांना ती हिशेबातच धरत नसे. "फूल काय, गाढवालाही दिसतं," म्हणायची. तिला एकदांडी दोन पानांवर ओळखता यायची. पानं समोरासमोर, जाड, कडेला करवतीसारखे दाते आणि अंगभर खरखरीत लव. खोड जमिनीलगत सरपटतं आणि त्याचं पेर जिथे टेकेल तिथे मूळ धरतं. गवत कापायच्या यंत्राला एकदांडी जुमानत नाही. ती आणखी खाली बसते आणि बोटभर उंचीवर फुलते. उपटताना मूळ तुटलं तर पुन्हा फुटते. म्हणून आदल्या दिवशी पाणी द्यायचं, खुरप्याचं टोक शेजारून तिरपं घालायचं, सगळे फाटे एका मुठीत गोळा करायचे आणि अख्खं झाड उचलून पिशवीत टाकायचं. बांधावर फेकलेलं दिसलं की आत्या फेकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. आईबाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला तिनेच वाढवलं. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "एक कार्टं सांभाळून फेस आलाय, दुसरं कुठे घेऊ?" मला या कामावर तिनेच लावलं, आणि पुढे मीच तिचा मुकादम झालो तेव्हा सगळ्यांदेखत माझा कान धरून म्हणाली, "वाफ्यात तू मुकादम, पण कान माझ्याच हातात." चार माणसं हसली. मला आतून फार बरं वाटलं होतं.

चार वर्षांपूर्वीची सकाळ. आत्या सहा नंबरच्या वाफ्यात बसून पुढे सरकत होती. तिच्या गुडघ्याशेजारी एकदांडीचं फूल होतं, चांगलं टपोरं. ती त्याच्या बाजूने सरळ पुढे गेली. मला वाटलं, माझी परीक्षा घेतेय. पण हातभर पुढे जाऊन तिने गवतावर तळहात फिरवला, थांबली, आणि आतून दोन पानांचं रोप काढलं. ते मला शोधूनही सापडलं नसतं. फुललेलं दिसलं नाही आणि लपलेलं सापडलं.

"आत्या, तुला दिसत नाही."

"हळू बोल."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. उजेड कळतो, बाकी नुसतं धुकं. डॉक्टर म्हणाला, डोळ्याची नस सुकलीय, आता काही होणार नाही." मग हसून म्हणाली, "तुझं तोंड बघावं लागत नाही, तेवढा एक फायदा."

मला हसू आलं नाही. तिने माझं मनगट धरलं. "साहेबांना सांगू नकोस. घरी बसवतील मला. घरात काय करू, भिंती चाचपत बसू? इथे मला बोटांनी सगळं कळतं. गवत गुळगुळीत, एकदांडी खरखरीत. याहून जास्त काय लागतं?"

खरंच लागत नव्हतं. मी गप्प बसलो. घरातही तिचं तेच चाललं होतं. डब्यांची झाकणं, कपड्यांची शिवण, आम्हा माणसांची तोंडं, सगळं ती बोटांनी ओळखत होती. माझ्या बायकोला दोन वर्षं पत्ता लागला नव्हता.

मग साहेबांनी फवारणी सुरू केली. औषध वाईट नव्हतं. कोवळ्या एकदांडीवर ते बरोबर लागू पडतं आणि गवताला धक्का लागत नाही. पण जून झाडं नुसती वाकडी-पिवळी होतात आणि पंधरा दिवसांनी बुडातून फुटतात. ती हातानेच काढावी लागतात. फवारल्यावर दोन दिवस वाफ्यात जायचं नाही, असं डब्यावर लिहिलं होतं. साहेबांना दोन दिवस थांबायला फुरसत नव्हती. त्यांनी सगळ्यांना कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे आणून दिले आणि सक्ती केली.

आत्याने ते अर्धा दिवस घातले. तिच्या मागे मला अकरा रोपं सापडली. ती वाफ्याच्या कडेला हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. "हे घातले की मी आंधळी," म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हा मला साहेबांकडे जाता आलं असतं. तिला घरी बसवता आलं असतं. भांडली असती, रडली असती, महिनाभर माझ्याशी बोलली नसती. मी तिला म्हणालो, "साहेब आले की घाल, गेले की काढ." हे वाक्य माझं आहे. ते कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

आधी तिच्या हातांना खाज सुटली. मग तळव्यांची सालं निघायला लागली, कांद्याची निघतात तशी पातळ. बोटांना चिरा पडल्या. बायको रोज मलम लावायची आणि मला घालूनपाडून बोलायची. "अहो, मुकादम आहात ना? बाईला सावलीतलं काम देता येत नाही?" आत्या मधेच म्हणायची, "अगं, कात टाकतेय मी. बघ, आता तरणी होऊन निघेन." पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुखायचं थांबलं. आम्हाला किती बरं वाटलं! एका सकाळी तिने चुलीवरचं चहाचं पातेलं नुसत्या हाताने उचललं, सावकाश कप भरले, पातेलं खाली ठेवलं. बायकोने तिचा हात उलटा करून बघितला तेव्हा फोड आले होते. आत्या विचारत होती, "काय झालं? सांडला का?"

तरीही मी तिला कामावर नेत राहिलो. तिच्या मागे मागे फिरून राहिलेली रोपं मी काढायचो. तिला कळू नये म्हणून खोकलायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत, असले उद्योग करायचो. या मूर्खपणाला मी तेव्हा माया म्हणत होतो.

एक दिवस साहेब अवचित आले. मी दुसऱ्या टोकाला होतो. धावत पोचलो तेव्हा आत्याच्या मागे पलंगाएवढी जमीन उघडी पडली होती. तिने चांगलं गवत मुळासकट काढलं होतं आणि त्या मातीत एकदांडीची सात-आठ झाडं तशीच उभी होती. साहेबांनी तिच्या पिशवीत हात घालून मूठभर गवत बाहेर काढलं.

"हे काय आहे?"

"एकदांडी, साहेब," आत्या ताठ मानेने म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तिला दिसत नाही."

साहेब ओरडले असते तर सोसलं असतं. ते मूठ पिशवीत परत टाकून निघून गेले. आत्याने खुरपं पुसलं आणि माझ्या दिशेने हात पुढे केला. घरी जाताना वाटेत म्हणाली, "मला वाटायचं, औषधाने एकदांडी मऊ पडत असेल."

डॉक्टरांनी दोन्ही हातांना सुया टोचून बघितल्या. ती डॉक्टरांशी गप्पा मारत राहिली.

ती घरी बसली त्याला दोन महिने झाले आणि मला मुलगी झाली. आठव्या दिवशी बायकोने बाळाला दुपट्यात गुंडाळून आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याने कितीतरी दिवसांनी वेणी नीट घालून घेतली होती. तिने उजवा हात पुढे केला. बोटं बाळाच्या छातीपाशी, दुपट्याच्या गाठीवर टेकली, तिथेच फिरली. ती मान तिरकी करून, श्वास रोखून बसली होती. मग तिचं तोंड फुललं.

"नाक माझ्या भावाचं घेतलंय गं हिने," ती म्हणाली.

बायको तिचा हात धरून वर न्यायला वाकली. मी मानेनेच नको म्हटलं. मला स्वतःची इतकी चीड साहेबांसमोरही आली नव्हती.

"हो ना रे?"

"हो आत्या. अगदी बाबांचं."

ती बराच वेळ ती गाठ कुरवाळत होती.