न्यायला कोणी यायचं

नवरा औरंगाबादला चिकलठाण्याच्या एका कंपनीत लेथवर होता आणि आम्ही तिथंच जवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माझं माहेर अजिंठ्याकडचं, विहिरीवरच्या बागायतीचं. त्याच्या घरी कोरडवाहू तुकडा आणि त्यात तीन भाऊ. हा फरक माझ्या लेखी लग्नाच्या दिवशीच संपला होता. त्याच्या लेखी नाही. माहेरून ज्वारीचं पोतं आलं की ते दाराआड तसंच उभं राहायचं, घरातली ज्वारी संपल्याशिवाय तो त्याला हात लावू द्यायचा नाही. जेवता जेवता मध्येच विचारायचा, तुझ्या घरी याहून बरं असायचं ना. मी हसण्यावारी न्यायचे. बाकी माणूस मायेचा होता, रात्रपाळीहून येताना माझ्यासाठी कागदात गरम भजी बांधून आणायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, ते आमचं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. शहरात मोर्चे, बंद, पोलिसांच्या गाड्या. खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. माझी शेजारीण बौद्ध होती. तिच्या गावाकडून कसलाच निरोप येत नव्हता आणि ती दिवसभर दाराशी बसून असायची. एका सकाळी मी तिच्याजवळ तांदूळ निवडत बसले होते आणि माझा मोठा भाऊ आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "पिशवी भर. इथं कधी काय व्हईल नेम नाय."

पंचमी तोंडावर होती, त्यामुळं बहिणीला न्यायला आलो म्हणायची सोय होती. नवरा कामावर आहे, संध्याकाळी त्याला विचारून जाऊ, असं मी म्हणून पाहिलं. भाऊ म्हणाला, संध्याकाळी गाड्या बंद झाल्या म्हणजे? मोठ्या भावापुढं हट्ट धरायची आमच्यात रीत नव्हती. शेजारणीजवळ चावी दिली, चार दिवसांत येते असं सांगायला सांगितलं आणि निघाले. घाबरायचं खरं कारण होतं ते तिला. तिला न्यायला कोणी आलं नाही. माझ्या केसाला धक्का लागणार नव्हता, तरी मला सुखरूप गावी पोचवलं गेलं.

पंचमी झाली, शहर निवळलं, तरी नवरा आला नाही. आमच्या गावचा एकजण त्याच्याच कंपनीत होता, त्याच्यासोबत निरोप आला, की मला न विचारता ज्यानं नेली त्यानंच आणून घालावी. वडिलांना ते लागलं. लेक माहेरी आली की तिला सासरच्यांनी न्यायला यायचं असतं, आम्ही आणून घातली तर नांदायला नको झाली असं दिसतं, असं त्यांनी उलट कळवलं. दोघांचंही रीतीप्रमाणं बरोबर होतं. त्यात मला काय हवंय हे विचारायची रीत कुठंच नव्हती.

आई तर मनातून खूशच होती. मी पिशवी आवरायला घेतली की ती काढून ठेवायची. म्हणायची, "राहू दे थोडं. तुझ्याबिगर घर कसं लागतं ते कळू दे त्याला. मग लई जपंल." माझ्या भल्यासाठी माझा संसार असा मुरत घातला होता. पोळा गेला, गणपती गेले. शेजारपाजारच्या बायका मला बघून आवाज खाली करायला लागल्या. शेवटी वडिलांनी चार वडीलधारी माणसं बसवायचं ठरवलं. ती बसली की काडीमोडाचीच भाषा होते हे मी पाहिलेलं होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी अजिंठ्याच्या बाजाराला जाते म्हणून बाहेर पडले आणि तिथून औरंगाबादची एसटी धरली.

पोचले तेव्हा नवरा पहिल्या पाळीहून येऊन स्टोव्हवर चहा ठेवत होता. त्यानं आधी माझ्या मागं, दाराबाहेर पाहिलं.

"कोण आलंय सोडायला?"

मी म्हणाले, कोणी नाही, माझी मी आले. त्याला ते खरं वाटेना. भावजयीशी वाजलं का, वडील काही बोलले का, असं विचारत राहिला. मग मीच चिडून विचारलं, की तुम्हाला एकदा तरी यावंसं वाटलं नाही का? तेव्हा निघालं. पोळ्याच्या आधी तो मला न्यायला निघालाही होता. सिल्लोडच्या स्टँडवर खताच्या गोण्या न्यायला आलेला माझा भाऊ भेटला. भावानं चहा पाजला आणि सांगितलं, "तिचंच मन नाय सध्या यायचं. राहू द्या थोडे दिवस." नवरा तिथूनच परत फिरला.

दिवाळीला मी भावाला जाब विचारला. त्यानं नाकारलं नाही. तुझ्याच भल्यासाठी बोललो, लगेच धाडली असती तर जन्मभर गृहीत धरलं असतं त्यानं, असं म्हणाला आणि जेवायला बसला.

भावावरचा राग पुढं निवला. नवऱ्यावरचा नाही. सिल्लोडहून आमचं गाव एसटीनं तासाभराचं. तेवढं पुढं येऊन त्यानं मला विचारलं नाही. लग्न झाल्यापासून कोणीतरी हेच म्हणेल म्हणून तो धास्तावून बसला होता, आणि कोणी म्हटल्याबरोबर त्याला पटलं.

माहेराहून परत आले त्याच दिवशी मी त्याला आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, की मी असं कधीच बोलले नाही. त्यानं कपबशी माझ्यापुढं सरकवली आणि समजुतीनं म्हणाला, "असू दे. झालं गेलं. मी मनात ठिवलं नाय."

पुढं घर बांधलं, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. मी जे बोललेच नाही ते त्यानं मला मोठ्या मनानं माफ केलंय, आणि ती माफी मी आजही त्याच्या घरात भोगते आहे.