मास्तरांची गाठ

"अॅक्सिलरेटरचं पेडल दाबलं आणि ते वर आलंच नाही." हे वाक्य तिने एकवीस दिवसांत इतक्यांदा सांगितलं, की घरात कुणी ऐकेनासं झालं.

तिला आम्ही फौजदार म्हणतो. माझी शाळेपासूनची मैत्रीण. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोहोचवायचे, हे तिचं काम. गाडी जुनी, पण पाच वर्षांत तिने कुणाला साधा आरसाही घासू दिला नव्हता. त्या दिवशी अंगणाचा चढ चढवायला तिने पेडल पूर्ण दाबलं. गाडी सुसाट सुटली. ती ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली, किल्ली फिरवली. तोवर पायरीवर बसलेल्या काकूंचा, म्हणजे तिच्या आईचा, पाय बंपरखाली सापडला होता.

नंतर शेजाऱ्याने पेडल पायाने थोडंसं खालीवर केलं. ते मुकाट वर आलं. "पोरगी घाबरली. ब्रेक सोडून भलतंच दाबलं," तो म्हणाला. तिच्या वडिलांनी ते वाक्य उचललं. ते शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मापाला येणाऱ्या प्रत्येकाला ते टेप लावता लावता ऐकवत, "आईचा पाय मोडला हिने. हात वर करा."

शनिवारी चार वाजता गाडीला गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गेली की तिचं खरं की खोटं हे कधीच कळणार नव्हतं. खापर जन्मभर तिच्याच डोक्यावर राहणार होतं. त्याच दुपारी दोनला तिने मला बोलावलं. मी साहित्याची एम.ए. तिने माझ्या हातात टॉर्च दिला.

किल्ली मास्तरांच्या खिशात होती. पण धडकेपासून एका दाराचं कुलूप लागत नव्हतं. तिने आत हात घालून बॉनेट सोडवलं. दुकानाची खिडकी अंगणाकडेच आहे. आतलं शिलाई मशीन थांबलं.

"आल्या इंजिनिअर बाई," आतून आवाज आला. "आईचा झाला, आता गाडीचा पाय मोडा."

"तुम्ही तुमचं शिवा, बाबा."

"बापाला काम सांगतेस?"

"नाही. मला माझं करू द्या म्हणतेय."

मशीन पुन्हा सुरू झालं. गरजेपेक्षा जोरात.

तिने हवेचा जाड पाइप काढला. मागे थ्रॉटलची झडप दिसली. झडपेच्या बाजूची तरफ तिने बोटाने फिरवून सोडली. टक्कन मागे आली. दहा वेळा फिरवली, दहा वेळा आली. "इथे दोष नाही," ती म्हणाली. मग मला सीटवर बसवलं.

"अर्धं दाब. सोड."

पेडल वर आलं.

"आता पूर्ण."

मी पूर्ण दाबलं. पाय उचलला. पेडल खालीच राहिलं.

मी त्याच्याकडे बघत बसले. इतके दिवस मीही तिला "होतं असं कधी कधी" म्हणून समजावत आले होते.

"बाबा, बाहेर या."

"फालतू वेळ नाही मला."

तिने पेडलपासून तरफेपर्यंत येणाऱ्या केबलचे नट सैल केले, तारेचं टोक तरफेतून सोडवलं. केबल म्हणजे नळी आणि तिच्या आतून सरकणारी तार. नळीच्या तोंडाशी काहीतरी पाचरीसारखं बसलं होतं. पक्कडीने ओढल्यावर सुटलं. तारेचे दोन-तीन पदर तुटले होते आणि तुटल्या जागी कुणीतरी दोरा गुंडाळला होता. काळा, मेण लावलेला, फार नेटका. टोक कुठेच दिसत नव्हतं. पेडल अर्धं दाबलं की ही गुंडाळी नळीबाहेर राहायची. पूर्ण दाबलं की आत शिरून रुतायची.

फौजदारने अख्खी केबल बाहेर काढली. दुकानात गेली आणि मास्तरांसमोर, कुणाच्या तरी कोटाच्या कापडावर, ठेवली.

"कापड!" मास्तर ओरडले.

"गाठ बघा."

"दोरा काय, कुणीही गुंडाळेल."

"इकडे द्या," काकू म्हणाल्या. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. दुकानातली बटणं तीस वर्षं त्याच लावतात. गाठ मास्तरांनी शिकवलेली, टोक आत दडवायची. शर्ट फाटेल पण बटण सुटणार नाही, ही त्यांची बढाई. काकूंनी नखाने दोरा चाचपला.

"तुमची आहे."

"अगं, तुझीही अशीच..."

"माझी इतकी घट्ट बसत नाही. रोज ऐकवता की."

मास्तर गळ्यातला टेप काढून गुंडाळू लागले. "गाडीत पाणी भरताना तारा बोटाला टोचल्या. हिच्याच भल्यासाठी बांधलं."

"मला सांगितलं का नाहीत?" फौजदारने विचारलं.

"पक्कं बांधलं होतं. सांगण्यासारखं काय?"

"आणि नंतर?" हे काकूंनी विचारलं. "माझा पाय मोडल्यावर? एकदाही मनात आलं नाही?"

टेप गुंडाळून झाला. मास्तरांनी तो उलगडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

"आलं होतं," काकूच म्हणाल्या. "म्हणून गाडी विकायची घाई."

मी दारात उभी होते. हातातला टॉर्च अजून चालूच होता.

चारला गिऱ्हाईक आलं. ढेरपोट्या, हसरा माणूस. "मुलीने ठोकली ती हीच ना?"

फौजदार चौकटीला टेकली. "सांगा, बाबा. की ही अशीच देणार होतात यांना?"

"गाडी द्यायची नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, कालच तर ठरलं!"

"केबल अडकत होती."

"म्हणजे मुलगी चुकली नव्हती?"

"नाही."

"मग कुणा मेकॅनिकने घोळ घातला?"

मास्तरांचा हात मशीनच्या चाकावर होता. चाक फिरत नव्हतं.

"मेकॅनिक नाही. मी."

तो माणूस अवघडून हसला आणि निघून गेला. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर आपटली आणि कात्रीने तिच्याकडे ढकलली. फौजदारने किल्लीला हात लावला नाही.

"हातात द्या."

ती दारातच उभी होती, ग्रीसने काळा झालेला पंजा पुढे करून. द्यायला त्यांना उठावं लागलं.