आत्याची छत्री तळवलीला गेली

माझी आत्या सांगलीकडच्या एका सर्कशीत तारेवर चालायची. सर्कस बंद पडली तेव्हा ती एकटीच होती, म्हणून आम्ही तिला ऐरोलीला आमच्या घरी आणलं. येताना तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि तारेवर तोल सांभाळायला धरायची ती लाल छत्री.

गेल्या वर्षी तिच्या सर्कशीतल्या रिंगमास्तरांनी तळवलीत, आपल्या भावाच्या गाळ्यात, सर्कशीचं लहानसं संग्रहालय मांडलं. त्यांचा फोन आला, "ताई, छत्री द्याल का?"

"देते की. पन ठेवताय कुठं ते आदी बघनार."

रविवारी आम्ही दोघी रिक्षाने गेलो. गाळ्यात जुनी पोस्टरं होती, जोकरचे होडीएवढे बूट होते, तंबूच्या कापडाचा एक विटका तुकडा भिंतीवर लावला होता. मधोमध दोन खांबांना गुडघ्याएवढ्या उंचीवर तार बांधलेली आणि तिच्यावर पाटी, 'हात लावू नये.' आत्याने छत्री मास्तरांच्या हातात दिली आणि वाकून तारेला टिचकी मारली.

"सैल हाय, मास्तर."

"आता कोण चढतंय हिच्यावर, ताई?"

"ही चढंल," असं म्हणून तिने मला पुढे केलं.

मी दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसणारी बाई. मी नाही-नाही म्हणेपर्यंत मास्तर पाना घेऊन तार आवळायलाही लागले. चपला काढून चढले तर तार तळव्यात रुतली आणि पाय असे लटपटले की मी आत्याचा खांदा गच्च धरला.

"पायाकडं बघू नगंस. समोर त्या हत्तीच्या फोटोकडं बघ. आन् हसत ऱ्हा, लोक तिकीट काढून आलेत."

मला खरंच हसू फुटलं आणि त्या हसण्यात पाऊल पुढे पडलं. मग दुसरं. पलीकडच्या खांबाला मिठी मारली तेव्हा मास्तरांनी तोंडानेच बँड वाजवला. आत्या मात्र टाळी न वाजवता म्हणाली, "आता परत ये."

निघण्याआधी तिने ती पाटी काढायला लावली. आता दर रविवारी ती तिथे जाते. शाळेची मुलं येतात, त्यांच्या आया येतात, माझ्या ऑफिसातल्या मुलीही जाऊन आल्या. तिचा खांदा धरून एकेक जण तारेवरून पलीकडे जातो. संध्याकाळी घरी आली की ती तो खांदा शेकत बसते आणि आज सगळ्यात जास्त कोण घाबरलं, ते आम्हाला नक्कल करून दाखवते.